गोळी म्हणजे दवाई नव्हे

आमच्या घरात गॅसच्या गोळीला कुणी औषध मानत नसे. औषध म्हणजे डॉक्टरनं कागदावर लिहून दिलेलं, आणि ते सुरू असेपर्यंत वांगं नि आंबट बंद. गोळी म्हणजे नुसती गोळी. ती सकाळी चहाच्या आधी घ्यायची, चूळ भरतो तशी. सासूबाईंच्या चुलीशेजारच्या कोनाड्यात काडेपेटी, मिठाचा डबा आणि गोळ्यांची पट्टी या तीन वस्तू कायम असत. यांतली कोणतीच मी कधी संपलेली पाहिली नाही.

एकोणीसशे नव्याण्णव साली मी लग्न होऊन या घरात आले. धानाची शेती, शेतातच एक बोडी, म्हणजे पाणी साठवायचं छोटं तळं, आणि घरात माणसं तीनच: नवरा, सासूबाई आणि मी. मी अर्जुनी मोरगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. एसटी सकाळी लवकर आणि परतीची तिच्या मर्जीनं, त्यामुळे माझ्या जेवणाला वेळ-काळ राहिला नाही आणि छातीत जळजळ सुरू झाली. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण सासूबाईंपासून त्या घरात काही लपत नसे.

"काऊन व बाई, छाती कायले चोळून राहिली?"

"काही नाही आई, जरा जळजळ होते."

"मंग सांगत काऊन नाई? मी मेली का?"

त्यांनी कोनाड्यातून पट्टी काढली, एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. तेव्हापासून रोज सकाळी एक त्यांची, एक माझी. नव्या सुनेला सासूनं आपल्या वाट्यातलं काही रोज हातानं द्यावं, हे माझ्या मैत्रिणींपैकी कुणाच्याच नशिबी नव्हतं. मला ते फार आवडलं.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं आणि मेडिकलवाल्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे अर्जुनीहून नवी पट्टी आणली की ती मला चुलीपुढे उभं राहून वाचून दाखवावी लागे. मी नुसतं नाव वाचलं की त्या म्हणत, "पूरा वाच." मग मी मागची बारीक अक्षरं वाचायची. आत दोन औषधं असत. पहिलं आम्ल कमी करणारं, त्याचं नाव काही त्यांच्या कानात बसलं नाही. दुसरं डोमपेरिडोन. तो शब्द आला की आरतीची शेवटची ओळ ऐकल्यासारखी त्या समाधानानं मान हलवत. "हा, तेच." मग पट्टी कोनाड्यात जाई.

तिकडे वर्गात मी दर वर्षी अंतःस्रावी ग्रंथी शिकवत होते. भिंतीवर अर्ध्या कापलेल्या डोक्याचा तक्ता होता. त्यात मेंदूच्या खाली देठाला बोर लटकावं तशी पियुषिका ग्रंथी लटकलेली. पुस्तकात तिला सगळ्या ग्रंथींची मालकीण म्हटलेलं होतं. मी पोरांना सांगायची, हे मालकीण वगैरे म्हणायला ठीक आहे, पण हिच्या डोक्यावर हायपोथॅलॅमस नावाचा मेंदूचा एक लहानसा तुकडा बसलेला असतो. तो बारीक रक्तवाहिन्यांतून तिला सारखे निरोप पाठवतो. हे सोड, ते सोड. निरोप आला की पियुषिका आपलं संप्रेरक रक्तात सोडते आणि मग अंडाशय, थायरॉइड वगैरे मंडळी कामाला लागतात. निरोप नाही तर मालकीणबाई बसून. पोरं हसायची. आपापल्या घरातलं कोणीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे येत असावं. मला माझा नवरा दिसायचा. गावात तो घराचा कर्ता होता आणि कोणत्या बांधीत, म्हणजे शेताच्या कोणत्या तुकड्यात, कोणतं धान लावायचं ते सासूबाई भाकरी थापता थापता ठरवायच्या.

या धड्यात एक जागा अडचणीची होती. बाकी सगळ्यांसाठी मेंदू 'कर' म्हणतो, पण एका संप्रेरकासाठी तो दिवसभर 'नको' म्हणत असतो. ते प्रोलॅक्टिन, आईच्या अंगावर दूध आणणारं. डोपामिन नावाचा निरोप सतत येत राहतो, म्हणून पियुषिका ते आवरून धरते. निरोप थांबला की ते आपोआप सुटतं. हे पोरांच्या डोक्यात शिरत नसे, म्हणून मी एक उदाहरण काढलं. अंगणात धान वाळत घातलंय. ओसरीवर म्हातारी बसली आहे आणि दिवसभर 'हाऽड, हाऽड' करते आहे. तोवर कोंबड्या लांब. म्हातारीचा आवाज बंद झाला की कोंबड्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही. हे सगळ्यांना कळायचं. परीक्षेत एका पोरानं डोपामिनच्या जागी म्हातारी लिहिलं होतं, आणि मी त्याला निम्मे गुण दिले होते.

तर असं सगळं मला येत होतं.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि माझी पाळी पुढेपुढे जाऊ लागली. मग ती महिनोन्महिने येईना. प्रत्येक वेळी घरात आशेचं वातावरण व्हायचं आणि प्रत्येक वेळी तपासणीत काही निघायचं नाही. मला मूल हवं होतं. हे मी आज सरळ लिहिते, तेव्हा बोलत नव्हते. एसटीत कुणी मांडीवरचं पोर क्षणभर धरायला दिलं तर मी ते उतरायच्या थांब्यापर्यंत परत द्यायची नाही.

त्यात आणखी एक लाजिरवाणी गोष्ट सुरू झाली. मूल नाही आणि ब्लाउज ओला. थोडंसंच, पण दूधच. मी खडूचा हात छातीशी धरून शिकवू लागले. शेवटी सासूबाईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी शेजारच्या काकूंना सांगितलं, काकूंनी बाकीच्या गावाला. गावाचं मत पडलं की हा शकुन आहे, पोराच्या आधी त्याचं दूध आलं. बायका मला बघायला येऊन गेल्या. एकीनं तर बाळंतविडा कधी करायचा म्हणून विचारलं. मी चहा करून दिला.

शकुन वर्षभर चालला आणि पोर काही आलं नाही. मग सासूबाईच मला गोंदियाला घेऊन निघाल्या. आधी नागऱ्याच्या महादेवाला आणि मग डॉक्टरीणबाईंकडे, असा त्यांचा क्रम होता. तो बदलायची सोय नव्हती. महादेवापुढे त्या बराच वेळ काहीतरी पुटपुटत होत्या. डॉक्टरीणबाईंपुढे माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

डॉक्टरीणबाई शहरातल्या, हिंदी बोलणाऱ्या, भराभर विचारत होत्या. "कोई दवाई चल रही है?"

"नाही," मी म्हणाले.

"कुछ भी?"

"कायची दवाई?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरी कोनाले दवाई नाई. तबेत चांगली हाये सर्व्यांची."

आम्ही दोघी खरं बोलत होतो. त्या दिवशी सकाळची गोळी आम्ही एसटी स्टँडवर, नळाच्या पाण्याबरोबर घेतली होती.

रक्त तपासलं. प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढला, खाली देठ, देठाला बोर. माझ्या तक्त्यापेक्षा त्यांचं चित्र वाईट होतं. त्या म्हणाल्या की कधीकधी या ग्रंथीत छोटी गाठ असते, घाबरायचं कारण नाही, पण अजून एकदा रक्त बघू आणि तरीही वाढलेलंच असलं तर नागपूरला डोक्याचा एमआरआय करू. गाठ मोठी निघाली तर नाकातून ऑपरेशन करतात, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला आधीच माहीत होतं. शिकलेल्या माणसाची ही एक सोय असते, त्याला भीती तपशिलासकट वाटते.

घरी आल्यावर मी रात्री जेवले नाही. सासूबाईंनी ओळखलं की चिंतेनं पित्त खवळलंय. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळचीही एक गोळी सुरू केली.

पुढच्या तपासणीत प्रोलॅक्टिन आणखी वर गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला आणि एमआरआयसाठी नागपूरची चिठ्ठी लिहून दिली. तारीख पावसाळ्यातली मिळाली. गावात शकुनाची आता डोक्यातली गाठ झाली होती. बाळंतविडा विचारणाऱ्या बाई आता मला बघून हळू आवाजात बोलायच्या. नवऱ्यानं मात्र बोडीत मासे करायचं काढलं.

हे त्याच्या डोक्यात बरेच दिवस होतं. गावच्या मोठ्या तलावात ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, संस्था मासे करायची आणि त्यासाठी लागणारी मत्स्यबीजं, म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिल्लं, दर वर्षी बाहेरून आणायची. ती आपल्या बोडीत तयार करू, असं त्यानं संस्थेच्या लोकांशी ठरवलं. अडचण एकच होती. रोहू नि कटला बांधलेल्या पाण्यात अंडी सोडत नाहीत. पोट अंड्यांनी टम्म फुगतं, पण मादी तशीच फिरत राहते. वाहत्या नदीला पूर आला तरच तिच्या मेंदूला मुहूर्त सापडतो. आमच्या बोडीला पूर यायचा कसा? म्हणून माशांना इंजेक्शन देतात. त्यासाठी गोंदियाहून एक जाणकार गृहस्थ बोलावले होते, मत्स्यबीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात थर्मामीटर, तो माशांसाठी नव्हता, पाण्यासाठी होता.

मी त्या दिवशी कॉलेजला गेले नव्हते. नागपूरची तारीख जवळ आली होती आणि माझं शिकवण्यात लक्ष लागत नव्हतं. ऊन कलल्यावर मी बोडीवर जाऊन बसले. सासूबाई बांधावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवत होत्या. पाण्यात चार बांबूंना मच्छरदाणीसारख्या कापडाची मोठी पेटी बांधली होती, तिला हापा म्हणतात. नर-मादीची जोडी टोचली की यात सोडायची.

गृहस्थ ओल्या फडक्यात मादीला गुंडाळून मांडीवर घेत आणि बोलत बोलत सुई टोचत. मी जीवशास्त्राची आहे हे कळल्यावर ते जास्तच खुलले. "मॅडम, पहले क्या करते थे, मालूम? बाजारात जाऊन मच्छीचे सिर आणायचे. खोपडी खोलायची. पिट्युटरी काढायची, मोहरीएवढी. स्पिरिटमध्ये ठेवायची, घोटायची, मंग हिला टोचायची. कधी जमे, कधी नाही जमे. अब वो झंझट नहीं."

"म्हणजे आता पियुषिका टोचत नाही," मी म्हणाले. "मेंदूचा निरोपच टोचता. ग्रंथी तिची तिच्याकडे आहेच."

"बराबर! पण नुसत्या निरोपानं होत नाही. मच्छीचं दिमाग एक ब्रेक पण लावून ठेवते. म्हणून हिच्यात दोन चीज आहेत. एक चालवणारी, एक ब्रेक सोडणारी."

ब्रेक म्हणजे डोपामिन, एवढं मला कळलं. माशांत ते अंड्यांचा हुकूम अडवून धरतं. मग ते डोपामिन अडवणारं औषध कोणतं, म्हणून मी विचारलं. उत्सुकता अशी काही नव्हती. बरेच दिवसांनी डोक्यातल्या गाठीपेक्षा वेगळा विषय निघाला होता, तो संपू नये असं वाटत होतं.

"डोमपेरिडोन," ते म्हणाले आणि दुसरी मादी उचलली.

बांधावरून सासूबाईंचा आवाज आला. "हा, तेच."

सवयीनं बोलल्या होत्या. पुढे त्या संस्थेच्या माणसाला जाळं नीट धुवायला सांगू लागल्या. मी पाण्याकडे बघत बसले. म्हातारीचा आवाज. कोंबड्या. माशाच्या पियुषिकेनं मेंदूचा 'नको' ऐकू नये म्हणून जे औषध, तेच मी रोज सकाळी चहाच्या आधी घेत होते आणि अलीकडे संध्याकाळीही. माशात त्या 'नको'नं अंडी अडतात. बाईत त्यानं दूध अडतं. माझ्या ग्रंथीला 'नको' ऐकू येत नव्हतं, म्हणून ती बाळ झाल्यासारखी दूध सोडत होती. आणि अंगावर दूध असलेल्या बाईला नवं मूल नको, अशा हिशेबानं प्रोलॅक्टिन माझी पाळी अडवून बसलं होतं. एकाच औषधानं रोहू अंडी देणार होती आणि मी देत नव्हते.

मला हसू आलं नाही. आधी संताप आला. तो कुणावर काढावा हे सुचेना, म्हणून मी नवऱ्यावर ओरडले की बादली इथं कशाला ठेवली. मग मी शेताच्या बाजूला गेले आणि बांधीत उभी राहून रडले. गाठ नसण्याची शक्यता पहिल्यांदाच दिसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाप्यात साबुदाण्यासारखी अंडी भरून होती. नवरा ते दाखवायला मला बोलवत होता आणि मी फोनवर डॉक्टरीणबाईंशी बोलत होते.

"मैंने पूछा था ना, कोई दवाई?" त्या म्हणाल्या.

"दवाई नव्हती मॅडम. गोळी होती."

त्यांनी सांगितलं, बंद करा, काही आठवड्यांनी रक्त तपासू, नागपूर तोवर थांबू शकतं. जळजळीसाठी दुसरं देते, ज्यात हे नाही ते.

आता घरी सांगायचं होतं. नवरा म्हणाला, कायले सांगते, हातात घे आन् चुलीत टाक, तिले कायले कळते. त्याला आपल्या आईची माहिती कमी होती. आणि मला रोज त्यांच्या डोळ्यांपुढे खोटं गिळायचं नव्हतं. दुसऱ्या सकाळी त्यांनी गोळी पुढे केली तेव्हा मी हात पुढे केला नाही. जे होतं ते सांगितलं. मासे, डोपामिन, दूध, सगळं. पोरांना सांगते तसंच, म्हातारी आणि कोंबड्या घालून.

सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. चहा उतू जाऊन चूल फसफसली तरी त्या हलल्या नाहीत.

"म्हंजे मी तुले इतके वर्सं जहर चारून राहिली होती?"

"जहर नाही आई. चांगलं औषध आहे. तुम्हाला त्रास नाही झाला. मला मूल हवं होतं, म्हणून मला नको होतं."

"म्हातारी हाड हाड करत होती अना मी तिच्या तोंडात बोळा कोंबला," त्या म्हणाल्या. "रोज. माह्या हातानं."

बोळा तोंडात नाही, ग्रंथीच्या कानात, असं मी दुरुस्त केलं. मास्तरकीची खोड. त्या उठून आत गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची गोळीही बंद केली. मी सांगितलं की तुम्हाला चालते, डॉक्टरांनी सांगितलं की तुम्हाला चालते, नवऱ्यानं सांगितलं. ऐकलं नाही. कोनाड्यात काडेपेटी आणि मीठ राहिलं. त्यांचं पित्त मात्र खरं होतं. घरभर ढेकरा ऐकू येत, रात्री त्या उठून बसत, सकाळी ओसरीवर छाती चोळत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, उपास हाये. कोणत्या देवाचा ते सांगायच्या नाहीत. मी त्यांच्यासाठी दुसरी गोळी आणली ती त्यांनी घेतली नाही. त्या ढेकरांनी मला जेवढं रडवलं तेवढं गाठीनंही रडवलं नव्हतं.

रक्त तपासलं, प्रोलॅक्टिन उतरलं होतं. दूध थांबलं. दिवाळीच्या सुमारास पाळी आली आणि मग नेमानं येऊ लागली. नागपूरची चिठ्ठी डॉक्टरीणबाईंनी फाडून टाकली. सासूबाई तरीही गोळी घेईनात. पुढच्या पावसाळ्यात बोडीत दुसऱ्यांदा बीज झालं आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, गोंदियाच्या दवाखान्यात, मला मुलगी झाली.

मुलगी झाली आणि दूध येईना.

ज्या बाईचं दूध गावानं शकुन म्हणून बघितलं होतं, तिचं. पोरगी ओढून ओढून थकायची आणि रडायची. डॉक्टरीणबाईंनी आधी वारंवार पाजायला सांगितलं, मेथी सांगितली. घरी आल्यावर सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले. थेंब यायचे, पोट भरत नव्हतं. आठवडा उलटायला आला तशी पोरगी वजनात उतरली. नवरा परत गोंदियाला जाऊन आला आणि त्यानं एक पट्टी आणली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, थोडेच दिवस घ्यायची. आणि त्या हसल्या, कारण त्यांना आठवत होतं.

मी बाजेवर पडले होते. नवऱ्यानं पट्टी आईच्या हातात दिली, बाळंतिणीचं सगळं त्याच बघत होत्या म्हणून. सासूबाईंनी ती उलटीपालटी केली. रंग वेगळा होता, आकार वेगळा होता. त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"पूरा वाच."

नाव वाचलं. मागचं वाचलं. या खेपेला आत एकच औषध होतं.

सासूबाईंनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. "तेच?"

"तेच."

"अना तुले द्याची?"

"आता द्यायची, आई. आता म्हातारीनं गप्पच बसायला हवं. धान कोंबड्यांसाठीच आहे."

शेजारी पोरगी भुकेनं रडत होती. सासूबाईंनी एक गोळी पट्टीतून बाहेर काढली. मी माझा तळहात पुढे केला, पण त्या गोळी ठेवीनात.

"अखीन एकदा वाच," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं, सगळं, बारीक अक्षरांसकट. तो शब्द आला तेव्हा त्यांनी मान हलवली नाही. गोळी माझ्या हातावर ठेवली, पाण्याचा गिलास दिला आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.